ह्यूगो चावेझ यांच्या काळातील व्हेनेझुएलाचे परराष्ट्र धोरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी १९९९ ते मार्च २०१३ या काळात व्हेनेझुएलाने जगाशी जे संबंध जोडले आणि तोडले, त्यांविषयी वाचक पुन्हा पुन्हा विचारतात त्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. नंतरच्या घटनांचा उल्लेख या काळातील निर्णयांचे परिणाम समजून घेण्यापुरताच केला आहे.

चावेझ सत्तेवर आले तेव्हा व्हेनेझुएलाची स्थिती काय होती?

देश तेलाने श्रीमंत होता, पण बहुसंख्य जनता गरीब होती. १९८९ च्या फेब्रुवारीत कार्लोस आंद्रेस पेरेझ यांच्या सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींनुसार पेट्रोलचे दर वाढवले. त्याबरोबर बसभाडे वाढले आणि राजधानी काराकासमध्ये दंगली उसळल्या. लष्कराच्या गोळीबारात शेकडो माणसे मरण पावली. ‘काराकासो’ या नावाने ओळखली जाणारी ही घटना लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट समजत नाही, कारण नाणेनिधी आणि वॉशिंग्टन यांच्याविषयीचा राग चावेझ यांनी निर्माण केला नव्हता. तो वस्त्यांमध्ये आधीपासूनच होता आणि चावेझ यांनी त्याला वाचा फोडली.

लष्करात लेफ्टनंट कर्नल असलेल्या चावेझ यांनी ४ फेब्रुवारी १९९२ रोजी सत्तांतराचा सशस्त्र प्रयत्न केला. तो फसला. दोन वर्षे तुरुंगात काढल्यानंतर १९९४ मध्ये त्यांची सुटका झाली आणि डिसेंबर १९९८ ची अध्यक्षीय निवडणूक त्यांनी सुमारे ५६ टक्के मते मिळवून जिंकली. त्या वेळी व्हेनेझुएलाच्या तेलाला पिंपामागे १० डॉलरच्या आसपास भाव मिळत होता, म्हणजे आश्वासने देणाऱ्या नेत्याच्या हाती तिजोरी आली ती जवळजवळ रिकामी.

त्यांना ‘लोकानुनयी’ नेता का म्हटले जाते, आणि परराष्ट्र धोरणाशी त्याचा काय संबंध?

हा शब्द अनेकदा शिवीसारखा वापरला जातो, येथे तो तसा वापरलेला नाही. ‘आपण म्हणजे जनता’ आणि ‘ते म्हणजे मूठभर सत्ताधारी’ अशी सरळ विभागणी करून, मधल्या संस्थांना वळसा घालून थेट लोकांशी बोलणारे राजकारण, एवढाच अर्थ अभिप्रेत आहे. चावेझ या व्याख्येत पूर्णपणे बसतात. दर रविवारी दूरचित्रवाणीवर चालणारा त्यांचा ‘आलो प्रेसिदेन्ते’ हा कार्यक्रम कित्येकदा पाच-सहा तास चाले. त्यात ते गाणी म्हणत, मंत्र्यांना जाब विचारत आणि धोरणात्मक निर्णयही जाहीर करत.

परराष्ट्र धोरणात हीच विभागणी देशाच्या सीमेबाहेर गेली. देशात श्रीमंत विरुद्ध गरीब, तसे जगात अमेरिका विरुद्ध दक्षिणेकडील राष्ट्रे. एकोणिसाव्या शतकात स्पॅनिश सत्तेविरुद्ध लढलेल्या सिमोन बोलिव्हार यांच्या अखंड दक्षिण अमेरिकेच्या स्वप्नाला या मांडणीत मध्यवर्ती स्थान मिळाले. १९९९ च्या नव्या राज्यघटनेने देशाचे नावच ‘व्हेनेझुएलाचे बोलिव्हारीय प्रजासत्ताक’ असे केले. त्यामुळे परदेशी दौऱ्यातील प्रत्येक भाषण एकाच वेळी दोन श्रोतृवर्गांसाठी असे: समोर बसलेल्या राष्ट्रप्रमुखांसाठी आणि काराकासच्या डोंगरउतारावरील वस्तीत टीव्हीसमोर बसलेल्या मतदारांसाठी. या दोन वर्गांपैकी दुसरा अधिक महत्त्वाचा होता, असे माझे मत आहे. त्यांच्या अनेक अतर्क्य वाटणाऱ्या कृतींचा उलगडा तेथेच होतो.

तेलाचे भाव चावेझ यांनी वाढवले, हे खरे आहे का?

अंशतः खरे आहे. १९६० मध्ये बगदादला ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेची स्थापना झाली तेव्हा व्हेनेझुएला संस्थापक सदस्यांपैकी एक होता आणि त्या कल्पनेमागे हुआन पाब्लो पेरेझ अल्फोन्झो हे व्हेनेझुएलाचेच मंत्री होते. मात्र १९९० च्या दशकात याच देशाने ठरलेल्या कोट्यापेक्षा जास्त तेल काढून संघटनेला खिळखिळे केले होते. चावेझ आणि त्यांचे ऊर्जामंत्री अली रॉड्रिगेझ यांनी ही दिशा बदलली. कोटा पाळायचा, उत्पादन आवरायचे आणि भाव सावरायचा, असे त्यांनी ठरवले.

त्यासाठी ऑगस्ट २००० मध्ये चावेझ ओपेकच्या सदस्य देशांच्या दौऱ्यावर निघाले. इराकवर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध असल्याने ते इराणमधून जमिनीच्या मार्गाने सीमा ओलांडून इराकमध्ये शिरले आणि तेथून हेलिकॉप्टरने बगदादला गेले. १९९१ च्या आखाती युद्धानंतर इराकला भेट देणारे ते पहिलेच राष्ट्रप्रमुख होते. सद्दाम हुसेन यांनी स्वतः गाडी चालवत त्यांना शहर दाखवले. वॉशिंग्टनने नाराजी व्यक्त केली, पण पुढच्याच महिन्यात ओपेकच्या राष्ट्रप्रमुखांची परिषद काराकासमध्ये भरली. अशी परिषद त्याआधी फक्त एकदाच, १९७५ मध्ये अल्जियर्स येथे झाली होती.

२००० पर्यंत भाव ३० डॉलरच्या घरात गेला, त्यात या शिस्तीचा वाटा नक्कीच होता. परंतु त्यानंतरची मोठी उसळी, म्हणजे जुलै २००८ मधील १४७ डॉलरपर्यंतची झेप, ही चीन आणि भारताची वाढती मागणी, इराकचे युद्ध आणि वायदेबाजार यांची करणी होती. जे यश बाजाराने दिले ते आपल्या धोरणाचे आहे असे काराकासमध्ये मानले जाऊ लागले, आणि पुढची बरीचशी गणिते याच समजुतीवर मांडली गेली.

क्युबाला तेल देऊन व्हेनेझुएलाला काय मिळाले?

डॉक्टर मिळाले, आणि तेही हजारोंच्या संख्येने. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्युबाला मिळणारे स्वस्त तेल बंद झाले होते आणि बेटावर वीजकपातीचे दिवस आले होते. क्युबाकडे पैसा नव्हता, मात्र प्रशिक्षित डॉक्टर भरपूर होते. ऑक्टोबर २००० च्या करारानुसार व्हेनेझुएलाने दररोज ५३ हजार पिंपे सवलतीने देण्याचे मान्य केले. पुढे हा आकडा ९० हजारांच्याही वर गेला. बदल्यात डॉक्टर, शिक्षक आणि क्रीडा प्रशिक्षक आले.

२००३ पासून ‘बारिओ आदेन्त्रो’, म्हणजे ‘वस्तीच्या आत’, या नावाची आरोग्य मोहीम सुरू झाली. ज्या वस्त्यांमध्ये व्हेनेझुएलाचे डॉक्टर जायला तयार नव्हते तेथे लाल विटांची अष्टकोनी, दुमजली छोटी इमारत उभी राहायची. खाली दवाखाना आणि वर डॉक्टरांची राहण्याची खोली. रात्री दोन वाजता मूल तापाने फणफणले तर आईने जिना चढून दार ठोठवायचे, इतके ते जवळ होते. ज्या बाईने आयुष्यात प्रथमच आपल्या गल्लीत डॉक्टर पाहिला तिच्यासाठी परराष्ट्र धोरण ही दूरची गोष्ट राहिली नाही. चावेझ यांच्या संपूर्ण परराष्ट्र व्यवहारातील ही सर्वांत प्रामाणिक देवाणघेवाण होती, असे मला वाटते.

या व्यवहाराला दुसरी बाजूही आहे. डॉक्टरांच्या सेवेचा मोबदला प्रामुख्याने क्युबाच्या सरकारकडे जात असे आणि डॉक्टरांच्या हाती त्याचा छोटा हिस्साच येत असे. शिवाय डॉक्टरांबरोबर क्युबाचे सुरक्षा सल्लागारही आले, आणि व्हेनेझुएलाच्या लष्करात व गुप्तचर यंत्रणेत त्यांचा प्रभाव किती असावा हा वाद कधीच मिटला नाही. मोहिमेवर खर्च होत असताना देशाची स्वतःची सार्वजनिक रुग्णालये मात्र मोडकळीस येत गेली.

पेट्रोकरिबे ही योजना नेमकी कशी चालत असे?

जून २००५ मध्ये पुएर्तो ला क्रूझ येथे कॅरिबियन समुद्राभोवतालच्या देशांशी हा करार झाला. तेल बाजारभावानेच विकले जाई, सवलत होती ती पैसे देण्याच्या पद्धतीत. एका पिंपाचे उदाहरण घेऊ. भाव ६० डॉलर असेल तर ग्राहक देशाने ६० टक्के, म्हणजे ३६ डॉलर, ९० दिवसांत द्यायचे. उरलेले २४ डॉलर हे कर्ज. ते पहिली दोन वर्षे सूट धरून २५ वर्षांत अवघ्या १ टक्का व्याजाने फेडायचे. भाव जितका वाढेल तितका उधारीचा हिस्साही वाढे, आणि १०० डॉलरला तो निम्म्यावर जाई. भाव ४० डॉलरच्या खाली गेला तर मात्र मुदत १७ वर्षे आणि व्याज २ टक्के होई.

उधारी मालाच्या रूपातही फेडता येत असे. गयानाने तांदूळ पाठवला, निकाराग्वाने गोमांस आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकाने काळा घेवडा. जमैकासारख्या देशाचा विचार करा. तेथे वीजही आयात तेलावर चालत होती आणि भाव दुप्पट झाला की अंदाजपत्रक कोलमडत होते. अशा वेळी दुसऱ्या कोणत्याही देशाने वा बँकेने इतका मोकळा हात दाखवला नव्हता. एरवी श्रीमंत तेल उत्पादक देश भाववाढीचा फायदा घेऊन मोकळे होतात आणि शेजारच्या गरीब बेटांनी कसे निभवायचे याचा विचार करत नाहीत. व्हेनेझुएलाने तो केला, याचे श्रेय निःसंकोचपणे दिले पाहिजे.

अडचण योजनेच्या रचनेतच होती. भाव जेव्हा सर्वांत चढा, म्हणजे देशाने उद्यासाठी गंगाजळी जमवायची ती वेळ, नेमका तेव्हाच उधारीचा वाटा सर्वांत मोठा असे.

अल्बा म्हणजे काय?

१४ डिसेंबर २००४ रोजी हवाना येथे फिडेल कॅस्ट्रो आणि चावेझ यांनी स्थापन केलेली ही संघटना. ‘आपल्या अमेरिकेच्या जनतेसाठी बोलिव्हारीय आघाडी’ असे तिचे नाव पुढे रूढ झाले. दिवस मुद्दाम निवडला होता, कारण दहा वर्षांपूर्वी याच सुमारास, तुरुंगातून सुटलेल्या आणि कोणतेही पद नसलेल्या चावेझ यांचे स्वागत करायला कॅस्ट्रो स्वतः हवानाच्या विमानतळावर गेले होते. पुढे इव्हो मोरालेस यांचा बोलिव्हिया, डॅनियल ओर्तेगा यांचा निकाराग्वा, रफाएल कोरिआ यांचा इक्वेडोर आणि काही छोटी कॅरिबियन राष्ट्रे सामील झाली. ब्राझील आणि अर्जेंटिना मात्र बाहेरच राहिले.

अमेरिकेची मुक्त व्यापार योजना चावेझ यांनी रोखली का?

एकट्याने नाही. अलास्कापासून थेट दक्षिण टोकापर्यंत एकच मुक्त व्यापार क्षेत्र निर्माण करण्याची वॉशिंग्टनची योजना होती. नोव्हेंबर २००५ मध्ये अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे भरलेल्या परिषदेत ती अडली. चावेझ यांनी शहरातील एका क्रीडांगणावर हजारो लोकांसमोर या योजनेला मूठमाती देण्याची भाषा केली आणि छायाचित्रे त्यांचीच छापली गेली. परंतु परिषदेच्या बंद दाराआड खरे वजन होते ते अर्जेंटिनाचे नेस्टर किर्चनर आणि ब्राझीलचे लुला यांचे. अमेरिकेतील शेती अनुदाने कायम ठेवून आपल्या बाजारपेठा उघडायला त्या दोघांची तयारी नव्हती.

अर्जेंटिनाला हे धैर्य दाखवता आले, त्यात व्हेनेझुएलाच्या पैशाचा भाग होता. आर्थिक अरिष्टातून सावरणाऱ्या अर्जेंटिनाला बाजारात कोणी दारात उभे करत नव्हते, तेव्हा व्हेनेझुएलाने तिचे अब्जावधी डॉलरचे रोखे विकत घेतले. जानेवारी २००६ मध्ये अर्जेंटिनाने नाणेनिधीचे सुमारे साडेनऊ अब्ज डॉलरचे कर्ज एकरकमी फेडून टाकले. काराकासोच्या आठवणी असलेल्या देशासाठी हा भावनिक विजयही होता.

अमेरिकेला इतकी नावे ठेवूनही तिलाच तेल विकणे सुरू कसे राहिले?

व्यापाराची भूगोलाशी गाठ पडलेली असते म्हणून. व्हेनेझुएलाच्या ओरिनोको पट्ट्यातील कच्चे तेल अतिजड असते. ते भूगर्भातील उष्णतेत वाहते, पण वर येऊन थंड झाले की डांबरासारखे दाट होते. ते वाहून नेण्यासाठी त्यात हलके तेल मिसळावे लागते किंवा त्याच्यावर आधी प्रक्रिया करावी लागते. असे तेल शुद्ध करणारे कारखाने अमेरिकेच्या मेक्सिको आखाताच्या किनाऱ्यावर होते, आणि त्यांपैकी काही तर ‘सिट्गो’ या कंपनीमार्फत खुद्द व्हेनेझुएलाच्या मालकीचे होते. तेथे जहाज चार-पाच दिवसांत पोहोचते. चीनला पोहोचायला महिन्याहून अधिक काळ लागतो.

२० सप्टेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत, आदल्या दिवशी जॉर्ज बुश ज्या व्यासपीठावरून बोलले होते तेथेच उभे राहून चावेझ यांनी बुश यांना सैतान म्हटले आणि अजून गंधकाचा वास येत असल्याचे सांगून स्वतःवर क्रुसाची खूण केली. त्या वर्षी व्हेनेझुएलातून अमेरिकेला दररोज १० लाख पिंपांहून अधिक कच्चे तेल जात होते. क्युबाचे तेल सवलतीत, कॅरिबियन देशांचे उधारीवर, पुढे चीनचे कर्जफेडीत, आणि पूर्ण किंमत रोख मोजणारे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका. वस्त्यांमधील दवाखान्यांपासून मित्रदेशांच्या मदतीपर्यंत सारा खर्च ज्या रोख रकमेतून होई तिचा मोठा भाग त्या ‘साम्राज्या’कडूनच येत होता.

सिट्गोमार्फत २००५ पासून काही हिवाळे अमेरिकेतील गरीब कुटुंबांना घरे उबदार ठेवण्यासाठी स्वस्त तेलही पुरवले गेले. त्यात प्रचार होता हे उघड आहे. पण ज्यांच्या घरी ते तेल पोहोचले त्यांची थंडी खरी होती.

२००२ च्या बंडात अमेरिकेचा हात होता का?

११ एप्रिल २००२ रोजी काराकासमध्ये मोर्चावर गोळीबार होऊन माणसे मेली. त्यानंतर लष्करी अधिकाऱ्यांनी चावेझ यांना ताब्यात घेतले आणि उद्योजकांच्या संघटनेचे अध्यक्ष पेद्रो कार्मोना यांनी सत्ता हाती घेतली. त्यांनी संसद आणि सर्वोच्च न्यायालय बरखास्त केले. लॅटिन अमेरिकेतील सरकारांनी घटनाबाह्य सत्तांतराचा निषेध केला. वॉशिंग्टनने मात्र घडलेल्या प्रकाराबद्दल चावेझ सरकारलाच दोष दिला. दोन दिवसांत वस्त्यांमधून लोक उतरले, निष्ठावान सैन्य पुढे आले आणि चावेझ परतले.

अमेरिकेने बंड घडवून आणले असे सिद्ध झालेले नाही. परंतु निवडून आलेला अध्यक्ष कैदेत असताना लोकशाहीचा पुरस्कार करणाऱ्या देशाने जी भूमिका घेतली, ती घोडचूक होती. त्यानंतर चावेझ यांच्या प्रत्येक आरोपाला लोकांच्या मनात आधार मिळाला आणि मवाळ धोरणाचा आग्रह धरणाऱ्यांचे तोंड बंद झाले.

भाषणांमुळे नुकसान झाल्याचे एखादे उदाहरण आहे का?

सर्वांत स्पष्ट उदाहरण सैतानाच्या भाषणानंतर महिन्याभरातच घडले. ऑक्टोबर २००६ मध्ये सुरक्षा परिषदेच्या हंगामी जागेसाठी व्हेनेझुएला आणि ग्वाटेमाला उभे होते. आमसभेत मतदानाच्या फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. ४७ फेऱ्यांनंतरही कोणाला दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत आणि शेवटी दोघांनी माघार घेऊन पनामाला वाट करून दिली. व्हेनेझुएला जवळजवळ प्रत्येक फेरीत मागेच राहिला. अनेक देशांना अमेरिकेचा पाठिंबा असलेल्या ग्वाटेमालाला मत द्यायचे नव्हते, पण परिषदेत रोज असा तमाशा व्हावा अशीही त्यांची इच्छा नव्हती.

नोव्हेंबर २००७ मध्ये सांतियागो येथील परिषदेत स्पेनच्या माजी पंतप्रधानांवर चावेझ घसरले, तेव्हा राजे हुआन कार्लोस यांनी सर्वांदेखत त्यांना ‘तू गप्प का बसत नाहीस’ असे सुनावले. काही महिने संबंध ताणले आणि पुढे सुधारले.

कोलंबियाशी युद्धाची वेळ खरोखर आली होती का?

वाटली तितकी नाही. १ मार्च २००८ रोजी कोलंबियाच्या सैन्याने इक्वेडोरच्या हद्दीत शिरून फार्क या बंडखोर संघटनेचे नेते राउल रेयेस यांच्या तळावर हल्ला केला आणि त्यांना ठार मारले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. चावेझ यांनी चालू कार्यक्रमातच संरक्षणमंत्र्यांना उद्देशून दहा बटालियन कोलंबियाच्या सीमेवर हलवण्याचा हुकूम सोडला. सैन्याला आदेश मिळतो आहे हे सारा देश बघत होता. हल्ला इक्वेडोरच्या भूमीवर झाला होता, व्हेनेझुएलाच्या नव्हे. आठवडा संपायच्या आत सांतो दोमिंगोच्या परिषदेत कोलंबियाचे अध्यक्ष उरिबे, कोरिआ आणि चावेझ यांनी हस्तांदोलन केले.

खरा फटका बसला तो पुढे २००९ मध्ये, कोलंबियाने अमेरिकेला लष्करी तळ वापरू देण्याचा करार केला तेव्हा. चावेझ यांनी व्यापार गोठवला. दोन्ही देशांमधील व्यापार आदल्या वर्षी सुमारे ७ अब्ज डॉलरचा होता आणि व्हेनेझुएलाच्या दुकानांतील दूध, मांस आणि कपडे मोठ्या प्रमाणावर कोलंबियातून येत होते. जुलै २०१० मध्ये राजनैतिक संबंधही तुटले. ऑगस्टमध्ये कोलंबियाचे नवे अध्यक्ष हुआन मॅन्युएल सांतोस यांनी सांता मार्ता येथे चावेझ यांची भेट घेतली आणि संबंध पूर्ववत झाले. हे शहर निवडण्यात औचित्य होते, कारण बोलिव्हार यांनी शेवटचा श्वास घेतला तो तेथेच. फार्कबरोबरच्या पुढील शांतता वाटाघाटींना चावेझ यांनी मनापासून साहाय्य केले, आणि त्यांचे हे काम दुर्दैवाने सर्वांत कमी आठवले जाते.

चीन आणि रशियाशी जवळीक कितपत फायद्याची ठरली?

चीनकडून २००७ पासून घेतलेल्या कर्जांची बेरीज सुमारे ५० ते ६० अब्ज डॉलरपर्यंत गेली. परतफेड तेलाने करायची होती. भाव १०० डॉलर असताना हे सोपे वाटले. पण फेड पिंपांच्या संख्येवर ठरलेली नसून मूल्यावर ठरलेली होती, त्यामुळे भाव निम्मा झाला की तेवढ्याच हप्त्यासाठी दुप्पट पिंपे पाठवणे भाग होते. २०१४ नंतर नेमके तेच झाले.

रशियाकडून २००५ मध्ये एक लाख कलाश्निकोव्ह बंदुका आणि २००६ मध्ये २४ सुखोई-३० विमाने घेण्याचे करार झाले. अमेरिकेने एफ-१६ विमानांचे सुटे भाग देणे थांबवले होते आणि २००६ मध्येच शस्त्रविक्रीवर बंदी घातली होती, त्यामुळे या खरेदीला काही आधार होता. रशियाची बॉम्बफेकी विमाने आणि युद्धनौका २००८ मध्ये कॅरिबियनमध्ये आल्या, त्यांचा उपयोग मात्र प्रदर्शनापुरताच होता.

हुकूमशहांशी मैत्रीचे समर्थन करता येईल का?

मला ते करता येत नाही. सद्दाम यांची भेट ओपेकच्या कामासाठी होती आणि इराणशी संबंध तेल उत्पादक देशाने ठेवणे स्वाभाविक आहे. परंतु २०११ मध्ये लिबियात आणि सीरियात लोक रस्त्यावर उतरले तेव्हा चावेझ गद्दाफी आणि असद यांच्या पाठीशी उभे राहिले आणि २०१२ मध्ये डिझेलने भरलेली जहाजे सीरियाला पाठवली गेली. गरिबांच्या वस्तीतून सत्तेवर परत आणला गेलेला माणूस दुसऱ्या देशातील तशाच वस्त्यांवर तोफा डागणाऱ्याला इंधन देतो, हे पाहून त्यांच्या अनेक सच्च्या पाठीराख्यांनाही यातना झाल्या.

या साऱ्याचा खर्च पेलणाऱ्या तेल कंपनीचे काय झाले?

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. पीडीव्हीएसए ही राष्ट्रीय तेल कंपनी एकेकाळी जगातील उत्तम चालणाऱ्या सरकारी तेल कंपन्यांमध्ये गणली जाई. तिचे व्यवस्थापन स्वतःला सरकारपेक्षा वरचे समजे, ही चावेझ यांची तक्रार निराधार नव्हती. डिसेंबर २००२ ते फेब्रुवारी २००३ या काळात कंपनीतील संप सरकार पाडण्याच्या उद्देशानेच झाला. उत्तरादाखल सुमारे १८ हजार कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांत अभियंते होते, भूगर्भशास्त्रज्ञ होते आणि कोणत्या विहिरीचा कोणता पंप कधी कुरकुरतो हे वर्षानुवर्षांच्या अनुभवाने जाणणारे तंत्रज्ञही होते. ती माणसे कोलंबियात, कॅनडात आणि आखाती देशांत गेली.

२००७ मध्ये ओरिनोको पट्ट्यातील प्रकल्पांत सरकारी कंपनीचा किमान ६० टक्के हिस्सा सक्तीचा झाला. शेव्हरॉन, टोटल, स्टॅटऑइल आणि बीपी यांनी अटी मान्य केल्या. एक्झॉनमोबिल आणि कोनोकोफिलिप्स बाहेर पडल्या आणि लवादाकडे गेल्या. याच काळात कंपनीच्या पैशातून अन्नधान्य वाटप, घरबांधणी आणि परदेशी मदत सुरू होती, तर विहिरी आणि शुद्धीकरण कारखान्यांच्या देखभालीत हात आखडता घेतला जात होता. १९९८ मध्ये उत्पादन दररोज ३० लाख पिंपांच्या वर होते. चावेझ यांच्या अखेरच्या काळापर्यंत ते बरेच उतरले, आणि भाव १०० डॉलर असल्याने ही घसरण कोणाला बोचली नाही. अमेरिकेचे कठोर आर्थिक निर्बंध आले ते ऑगस्ट २०१७ मध्ये आणि तेल कंपनीवर थेट जानेवारी २०१९ मध्ये. त्यांनी पडझडीचा वेग भयंकर वाढवला आणि सामान्य माणसाचे हाल वाढवले, पण पडझड त्यांच्या आधीच सुरू झाली होती.

भारताशी कसे संबंध होते?

मार्च २००५ मध्ये चावेझ भारतात आले, पंतप्रधान मनमोहन सिंग यांना दिल्लीत भेटले आणि कोलकात्यालाही गेले. डाव्या आघाडीच्या त्या शहराने त्यांचे मोठे स्वागत केले. भारताचे धोरण मात्र भावनेवर चालले नाही. २००८ मध्ये ओएनजीसी विदेशने सान क्रिस्तोबाल तेलक्षेत्रात ४० टक्के हिस्सा घेतला आणि २०१० मध्ये काराबोबो-१ प्रकल्पात तीन भारतीय सरकारी कंपन्यांना मिळून १८ टक्के वाटा मिळाला. अतिजड तेल पेलणारा जामनगरचा कारखाना असल्याने रिलायन्सने २०१२ मध्ये दररोज ३ ते ४ लाख पिंपांचा दीर्घ मुदतीचा करार केला. अमेरिकेखेरीज रोख पैसे देणारे मोठे गिऱ्हाईक म्हणून भारताचे महत्त्व व्हेनेझुएलाला त्यामुळेच वाढले.

सान क्रिस्तोबालच्या लाभांशाचे ५० कोटी डॉलरहून अधिक पैसे मात्र पुढे थकले. तो पैसा भारतीय करदात्यांच्या कंपनीचा होता. तेव्हा काराकासमधील अव्यवस्थेची झळ आपल्यापर्यंत पोहोचली नाही, असे म्हणता येणार नाही.

चावेझ यांच्यानंतर या मैत्रीतून काय उरले?

५ मार्च २०१३ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले आणि निकोलस मादुरो यांच्याकडे सत्ता गेली. पुढच्या वर्षी भाव कोसळला. पैशाची निकड लागलेल्या व्हेनेझुएलाने पेट्रोकरिबेची कर्जे निम्म्या किमतीत विकायला काढली. जानेवारी २०१५ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकाने सुमारे ४ अब्ज डॉलरचे देणे १.९ अब्ज देऊन मिटवले आणि त्याच वर्षी जमैकाने सुमारे ३ अब्जांचे देणे दीड अब्जात. २५ वर्षे मुदतीचा स्नेह दहा वर्षांत मोडीत निघाला.

राजकीय परतफेड मात्र काही काळ मिळत राहिली. जून २०१७ मध्ये कानकून येथे अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेत मादुरो सरकारविरुद्धच्या ठरावाला २० मते पडली. २३ हवी होती. ज्या छोट्या बेटांनी विरोधात मत दिले किंवा तटस्थ राहणे पसंत केले, त्यांतील बहुतेकांच्या वीजघरांत पेट्रोकरिबेचे तेल जळलेले होते.

सर्वांत कटू हिशेब हैतीत मागितला गेला. तेथे उधारीतून वाचलेल्या सुमारे २ अब्ज डॉलरमधून रस्ते, घरे आणि रुग्णालये व्हायची होती. २०१० च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या देशाला या पैशाची सर्वाधिक गरज होती. कंत्राटे दिली गेली, कामे अर्धवट राहिली किंवा सुरूच झाली नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या एका माणसाचे छायाचित्र समाजमाध्यमांवर पसरले. त्याच्या हातात पुठ्ठ्याचा तुकडा होता आणि त्यावर क्रिओल भाषेत एकच प्रश्न लिहिला होता: पेट्रोकरिबेचे पैसे कुठे गेले? त्यानंतर काही आठवड्यांतच पोर्त-ओ-प्रिन्सच्या रस्त्यांवर हजारो लोक तोच प्रश्न विचारत चालू लागले. काराकासने तो पैसा गरिबांसाठी दिला होता, पण त्याचा हिशेब ठेवण्याची व्यवस्था देणाऱ्यानेही केली नव्हती आणि घेणाऱ्यानेही नाही.